डोलकर कोण? कोळीगीतं, वेसावकर आणि आपलं स्नेहसंमेलन
(नेर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



समुद्रापासून रस्त्याने सहाशे किलोमीटरांच्या वर असलेल्या या गावात कोळीगीतांवर बोलायचं ठरलं, याचं काही जणांना नवल वाटलं असेल. आम्हाला वाटलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातली अशी एक शाळा दाखवा, जिच्या स्नेहसंमेलनात कधी कोळीनृत्य झालं नाही. मुलांच्या डोक्यावर लाल टोपी, कमरेला चौकड्याचा रुमाल, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. मुलींच्या कमरेवर टोपली. मास्तर बटन दाबतात, गाणं सुरू होतं, पालक मोबाइल वर करतात. समुद्र न पाहिलेली पोरं समुद्र नाचून दाखवतात. यात वाईट काही नाही, उलट छान आहे. पण आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. निवेदक काय सांगतो? 'आता सादर होत आहे कोळीगीत.' बस. लावणी असली की गायिकेचं नाव येतं, भावगीत असलं की कवीचं येतं, भीमगीत असलं की शाहिराचं येतं. कोळीगीताला मात्र कुणाचंच नाव लागत नाही. जणू ते दर्यातूनच वर आलं.

ते दर्यातून आलेलं नाही. माणसांनी केलेलं आहे, आणि कोणत्या माणसांनी केलं यावर त्यात काय आलं आणि काय राहून गेलं हे ठरलेलं आहे. आज आम्हाला तेवढंच बोलायचं आहे.

एका शब्दापासून सुरुवात करू. डोलकर. हा शब्द आपल्याला लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांच्या गाण्यामुळे माहीत झाला. आता खरं सांगा, डोलकर म्हणजे काय? डोलणारा, होय ना? लाटांवर डोलतो तो डोलकर. (हशा.) आपल्याकडे दहापैकी नऊ जण हेच सांगतील, आणि गाण्याची चालही अशी आहे की दुसरं काही सुचू नये. पण डोल हे एका जाळ्याचं नाव आहे. भलंमोठं, पिशवीसारखं, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगराला बांधून प्रवाहाच्या तोंडाशी उभं करायचं. मग मासे पकडायचं काम पाणीच करतं. त्या जाळ्यावर पोट असलेला तो डोलकर. जसा आपल्याकडे विणकर, तसा.

आता यात मौज बघा. डोलकराचं घड्याळ सूर्याचं नाही, भरती-ओहोटीचं आहे. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा पाण्याला ओढ असते, जाळं ताणून भरतं. मधले दिवस भांगाचे. ओढ कमी, कमाई कमी. म्हणजे तो गाण्यात दिसतो तसा झुलत बसलेला नाही, रात्री-बेरात्री उठून पाण्याची वेळ गाठणारा माणूस आहे. आणि त्याच्या जाळ्यात मुख्य काय येतं? बोंबील, जवळा. तोच बोंबील बांबूवर वाळवून, पोत्यात भरून निघतो, तो आपल्याकडच्या आठवडी बाजारात सुक्या मासळीच्या दुकानात येऊन बसतो. डोलकर आपल्याकडे गाण्याच्याही आधी आलेला आहे, फक्त आपण त्याला नाकाने ओळखतो, कानाने नाही.

याचा अर्थ ते गाणं खोटं आहे असं कृपा करून समजू नका. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांची चाल. ही मराठीतल्या उत्तम गाण्यांपैकी एक चीज आहे. हेमंतकुमारांच्या खर्जात पाण्याचं वजन आहे. ते बंगालचे, नदी-नावेची गाणी त्यांच्या भाषेत मुबलक, त्यामुळे मराठी उच्चार थोडा गोल झाला तरी होडीचा तोल सुटत नाही. आणि लताबाईंचा आवाज त्या खर्जावरून असा निघतो, जसा पाण्यावरून पक्षी. शांताबाई इंदापूरला जन्मलेल्या, मंचरकडे वाढलेल्या. त्यांचं बालपण काही किनाऱ्यावरचं नव्हे. पण 'गो' हे संबोधन, 'ळ'चा 'ल' होणं, नाखवासारखा फारसीतून किनाऱ्यावर उतरलेला शब्द, हे सगळं त्यांनी अशा बेताने वापरलं की पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला ते परकंही वाटलं नाही आणि सपकही वाटलं नाही. हे सोपं काम नाही. आपली वऱ्हाडी घ्या. 'काय वं' एवढं एक आणलं की झालं वऱ्हाडी, असं समजणारे नट आपण दर महिन्याला बघतो.

ही वाट त्यांच्या आधीपासूनची. १९६४च्या 'वैशाख वणवा' चित्रपटात गदिमांनी गोमूला माहेरी पाठवलं, दत्ता डावजेकरांनी चाल दिली आणि जितेंद्र अभिषेकींनी ते गायलं. १९७६च्या 'हा खेळ सावल्यांचा'मध्ये सुधीर मोघ्यांनी तीच गोमू पुन्हा आणली, हृदयनाथांच्या चालीवर, आशाबाई आणि हेमंतकुमारांच्या आवाजात. या सगळ्यांत अभिषेकी तेवढे खुद्द किनारपट्टीचे, गोव्यातल्या मंगेशीचे. बाकी बहुतेक मंडळी समुद्राकडे पाठ न फिरवता, पण काठावर उभी राहून लिहिणारी. त्यांनी घडवलेल्या समुद्रात तीन गोष्टी असतात: वारा, होडी आणि प्रेम. कधी वादळ, पण तेही प्रियकराची वाट बघायला सोयीचं. मासळीचा भाव त्यात नसतो, लिलाव नसतो, बर्फ नसतो, उधारी नसते. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे त्या गाण्यातली कोळीण वाट पाहते. प्रत्यक्षात कोळीण वाट बघत बसणारी बाई नाही हो. पुरुष मासळी काठावर आणतो. पुढचा बाजार, मोल, भांडण, पैसा बराचसा तिच्या हातात. मुंबईच्या कुठल्याही मासळीबाजारात जाऊन बसा, वाट कोण कोणाची बघतं ते कळेल.

मग यांच्याखेरीज कोण? इथे दोन नावं घ्यायची. पहिलं विठ्ठल उमप.

विदर्भात हे नाव सांगावं लागत नाही. २०१० साली २६ नोव्हेंबरला नागपुरात, दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांची प्राणज्योत मालवली. आपण त्यांना आंबेडकरी शाहीर म्हणून ओळखतो, 'जांभूळ आख्याना'साठी ओळखतो. पण मुंबईत एका पिढीने त्यांना कोळीगीतांचा गायक म्हणून डोक्यावर घेतलं होतं. जन्माने ते कोळी नव्हते, मुंबईच्या नायगावचे. तरी त्यांच्या कोळीगीतात आणि स्टुडिओच्या कोळीगीतात एक फरक लगेच ऐकू येतो. उमपांनी गळा मऊ केला नाही. लांबच्या माणसाला हाक मारताना आवाज जिथून निघतो, तिथूनच तो निघतो. समुद्रावर गाणाऱ्याला वाऱ्याशी भांडावं लागतं. मायक्रोफोनपुढे गाणाऱ्याला लागत नाही. उमप मायक्रोफोनपुढे उभे राहूनही वाऱ्याशी भांडत राहिले. आमच्या मते कोळीगीताची खरी परीक्षा ही आहे. शब्दांत 'गो' किती आले, ही नव्हे.

दुसरं नाव काशीराम चिंचय आणि त्यांची वेसावकर मंडळी.

वेसावे म्हणजे ज्याला आपण वर्सोवा म्हणतो. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या मुखावर. आज नाव घेतलं की आपल्याला सिनेमावाल्यांचे फ्लॅट आठवतात, पण मूळ गाव कोळ्यांचं, आणि डोलीच्या मासेमारीचं मोठं ठिकाण. कॅसेटच्या काळात या गावातल्या माणसांनी आपली गाणी आपणच गाऊन बाजारात आणली. 'वेसावची पारू' तुम्ही ऐकलेली आहे. नाव माहीत नसलं तरी त्यावर नाचलेले आहात. (हशा.) या गाण्यात नवीन काय होतं? गोमू ही कुठल्याच गावची नव्हती. चित्रपटात ती कोणत्याही किनाऱ्यावर चालली असती. पारू वेसावची आहे. तिला गाव आहे, आणि ती कुणाची वाट न बघता नटते आहे, शेजारपाजार तिच्याकडे बघतो आहे. गाणं गल्लीतल्या लोकांसाठी आहे, आणि गल्लीबाहेरच्यांनी ते ऐकलं तर ऐकलं. गंमत अशी की नेमकं हेच गाणं गल्लीबाहेर सगळ्यात लांब गेलं.

आवाजाचंही तेच. हा कोरस सिनेमाच्या कोरससारखा पॉलिश केलेला नाही. कोणी थोडा पुढे, कोणी थोडा मागे, जसं हळदीला होतं. ताल तोच नाचरा, पण तो होडीचा नाही, मिरवणुकीचा आहे. हे महत्त्वाचं आहे. यंत्राच्या होड्या येऊन साठ-सत्तर वर्षं झाली. वल्हवताना गायची गरज संपली. कोळीवाड्यात गाणं जिवंत राहिलं ते लग्नात, शिमग्यात, नारळी पुनवेला आणि कार्ल्याच्या एकवीरेला जाताना. वेसावकरांनी हे ओळखलं. स्टुडिओ मात्र वल्हं मारतच राहिला, आणि आपली शाळाही.

आता तक्रारही करू, नाहीतर तुम्ही म्हणाल वेसावकरांचं सगळंच गोड. वेसावकरांच्या यशानंतर जो पूर आला, त्यात गाणी एकाच साच्यातली निघाली. तीच नाचरी लय, तोच बेंजो, तीच हळद, तीच आई एकवीरा. पुढे डीजे आला आणि कोरसची ती मागे-पुढे होणारी खुमारी सपाट झाली. सगळे एकाच क्षणी, यंत्राने कापल्यासारखे गाऊ लागले. चांगली गोष्ट एवढीच की गाणाऱ्याला चेहरा मिळाला. आगरी-कोळी गाणी गाणारे संतोष चौधरी, ज्यांना लोक 'दादूस' म्हणतात, ते २०२१ साली थेट बिग बॉस मराठीच्या घरात जाऊन बसले. पण चेहरा मिळणं आणि गाणं वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

नावाचा विषय निघाला आहे तर जरा गोव्याला जाऊन येऊ, कारण नावं हरवण्याची दुसरी तऱ्हा तिथे दिसते. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. त्यामुळे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांना जेव्हा कागदावरचं संगीत वाजवणारे लोक हवे झाले, तेव्हा गोवेकर व्हायोलिनवाले, ट्रंपेटवाले मुंबईत भरले. सेबास्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशन यांचे अरेंजर. चिक चॉकलेट हे आल्दोन गावचे ट्रंपेटवादक, सी. रामचंद्रांच्या साथीला. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस. यांनी १९५८ साली मुंबईत शंभरावर वादकांचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला, भारतीय राग आणि पाश्चात्त्य मांडणी एकत्र आणायला. पण सिनेमाच्या पाटीवर संगीतकाराचं नाव यायचं, यांचं नाही. अँथनींचं नाव देशाला कळलं ते १९७७ साली, आणि कसं? त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूंचं नाव गाण्यात घातलं, आणि अमिताभ बच्चन एका भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ते नाव सांगू लागला. (हशा.) हसू येतं, पण त्यातही गोवेकर बरा म्हणायचा. तो स्टुडिओच्या आत होता, फक्त पाटीवर नव्हता. कोळी गायक-वादकाला नोटेशन येत नव्हतं, म्हणून तो दाराबाहेर राहिला, आणि आत त्याच्याशिवाय त्याचंच गाणं तयार झालं.

आता जी सांगायची फार दिवसांची इच्छा आहे ती गोष्ट. रायगड-ठाण्याकडे आगरी आणि कोळी समाजांत लग्नाला एक बाई लागते. तिला धवलारीण म्हणतात. वारली समाजात हीच धवलेरी. लग्नाचे विधी ती गाण्यांतून चालवते. मांडव, हळद, पुढचं सगळं. कोणत्या विधीला कोणतं गाणं, कशानंतर काय, हे तिच्या डोक्यात पाठ. तिने गायलं नाही तर विधी पुढे सरकत नाही. ही गाणी नाचायची नाहीत. संथ, लांबत जाणारी, एकाच वळणावर पुनःपुन्हा येणारी. त्यांना ढवळे किंवा धवले म्हणतात.

ढवळे! हा शब्द ऐकून तुम्हाला काही आठवलं का? मराठीच्या विद्यार्थ्यांना आठवलं असेल. तेराव्या शतकात महदंबेने ढवळे रचले, रुक्मिणीच्या स्वयंवराचे. मराठीची आद्य कवयित्री ती. आणि रचले कुठे? गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, रिद्धपूरला. इथून अमरावतीचा रस्ता धरा, अमरावतीच्या पुढे मोर्शीकडे. आणि ज्या रुक्मिणीचं लग्न, ती कौंडिण्यपूरची, तेही आपल्याच शेजारचं. म्हणजे आपल्या अंगणात जो शब्द पोथीत आणि एम.ए.च्या अभ्यासक्रमात जाऊन बसला, तो तिकडे समुद्रकाठी एक बाई अजून तोंडाने चालवते आहे. ही गाणी तीच आहेत असं आम्ही म्हणत नाही. सातशे वर्षांत गाणी बदलतात. पण लग्नाच्या गाण्याला ढवळा म्हणायचं आणि ते बाईने गायचं, ही रीत दोन्हीकडे एक आहे. कोळीवाड्याशी आपलं नातं शोधायचंच असेल तर ते पुठ्ठ्याच्या वल्ह्यात कशाला शोधायचं?

पण धवलारीण स्टेजवर येत नाही, कारण तिच्यावर नाचता येत नाही. म्हणून ती 'कोळीगीत' नाही. आमचा आक्षेप इथे आहे. एका समाजाच्या संगीतातून जे नाचता येतं तेवढंच उचललं, त्याला त्या समाजाचं नाव दिलं, आणि उरलेलं त्या समाजाच्या घरात राहू दिलं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडलं? बिघडतं असं. वरळीच्या कोळ्यांनी सागरी मार्गाच्या पुलाखालून होड्या नीट जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर वाढवून मागितलं, त्यासाठी समुद्रात होड्या घालून आंदोलन केलं. तेव्हा शहरातल्या किती तरी लोकांना मुळात प्रश्नच पडला: अजून मासेमारी करतात हे लोक? ज्यांच्या गाण्यावर आपण आयुष्यभर नाचलो, ते अजून आहेत का, असं विचारण्याची वेळ आपल्यावर येते. गाण्यात खांब नाहीत, डिझेल नाही, जून-जुलैची बंदी नाही. गाण्यातला कोळी कायम सुखात आहे, म्हणून खऱ्या कोळ्याची तक्रार कानाला खटकते.

हे आपल्याला तरी कळायला हवं. मराठी सिनेमातला शेतकरी कितीतरी वर्षं मोट हाकत, बैलांना हाका मारत सुखात गात राहिला. त्याच वेळी इथला कापूसवाला बियाण्याच्या पाकिटाचे पैसे मोजत होता. २०१७ साली याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. ती कुठल्या शेतकरीगीतात आली? आपण चिडतो ना, मुंबईवाल्यांनी आपल्याला एक धोतर आणि एक बैलजोडी करून टाकलं म्हणून? मग आपण दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या मंडपात कोळ्याला एक टोपी आणि एक वल्हं करून टाकतो, ते काय आहे?

अजून एक. आपल्याकडे तलावात, धरणात जाळं टाकणारा भोई आहे, ढीवर आहे. स्नेहसंमेलनात भोयाचं गाणं कधी झालं? तांड्यावर होळीला लेंगी गातात, डफावर. दारव्हा-दिग्रस-पुसदकडे रात्र-रात्र चालते. शिमगा कोळ्यांचाही मोठा सण. मिठाची पोती बैलांवर लादून किनाऱ्यावरून आत आणणारे ते लमाण, लवणावरून लमाण, असंही सांगतात. एकीकडे लेंगी, एकीकडे शिमग्याचं कोळी गाणं, असा एक कार्यक्रम एखाद्या शाळेने ठेवला तर बघायला आम्ही स्वखर्चाने येऊ.

बाकी, कोळीनृत्य बंद करा असं आम्ही म्हणालो असं उद्या गावात पसरवू नका. (हशा.) लेकरांना नाचू द्या. फक्त माईकवरच्या मास्तरांनी 'कोळीगीत' म्हणून थांबू नये. शब्द शांता शेळके, चाल हृदयनाथ मंगेशकर, हे सांगावं. नाहीतर गाणारे वेसावे गावचे काशीराम चिंचय आणि मंडळी, हे सांगावं. विठ्ठल उमपांचं असेल तर उमपांचं म्हणावं. आणि डोलकर शब्द आला तर त्या जाळ्याचं चित्र फळ्यावर काढून दाखवावं. भूगोलाच्या तासाला पाच मिनिटं पुरतात.

आमचा वेळ संपत आला, चिठ्ठी आली आहे. मागे बसलेल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, त्यांचा प्रश्न आधी घेऊ.